शेजाऱ्याकडे तोंड करून केलेली प्रार्थना

फार जुनी गोष्ट. एका गावात एक कुंभारीण राहत होती. बाई कामाला चोख, प्रभूवर विश्वास पक्का, फक्त जिभेला हाड नव्हतं.

कापणीच्या सणाला चर्चमध्ये द्यायची म्हणून तिनं मडकी घडवली आणि अंगणात सुकत ठेवली. शेजारी तेली राहत होता. त्याचा बैल घाण्याचं जू मोडून सुटला, डोळ्यांवर झापड तशीच, आणि थेट मडक्यांमधून गेला. एकही धड उरलं नाही.

"अहो, काय केलंत हे!" कुंभारीण ओरडली.

तेली बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "मुक्या जनावराला दिसत नव्हतं. तुम्ही तरी अंगणभर मडकी कशाला मांडलीत?"

झालं! बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माफी राहिली बाजूला, वर हाच शहाणपण शिकवतो! तव्यावर भाकरी करपली तरी ती तेल्याच्या नावानं पुटपुटतच होती.

त्या गावात दर बुधवारी प्रार्थनासभा भरे, कधी या घरी तर कधी त्या घरी. सगळे डोळे मिटून बसत आणि एकेक जण उभा राहून प्रार्थना करी. त्या बुधवारी कुंभारीण उभी राहिली.

"हे प्रभू, ज्यांना स्वतःचा बैल आवरत नाही, त्यांना थोडी अक्कल दे. मी नाव घेत नाही. पण त्यांच्या दारात घाणा आहे."

गावात घाणा एकच होता. लोक सवयीनं "आमेन" म्हणून गेले, मग कुणी खाकरलं, कुणी पदराआड हसलं. तेली उठून चालता झाला.

सभा संपल्यावर चर्चच्या पाळकांनी तिला थांबवून घेतलं. "बाई, प्रार्थना देवाकडे तोंड करून करतात. तुम्ही शेजाऱ्याकडे तोंड करून केलीत."

"मग काय, राग गिळून बसू?"

"गिळू नका. पण आधी तो देवाला दाखवा, जसा आहे तसा. तेल्याला काय बोलायचं ते मग ठरवा."

तिला ते मुळीच पटलं नाही.

पुढची सभा नेमकी तेल्याच्या घरी होती. रीत अशी, की ज्याच्या घरी सभा, त्या घरासाठी लगतच्या शेजाऱ्यानं प्रार्थना करायची. तेल्यानं रविवारी चर्चच्या दारात सगळ्यांदेखत बजावलं, "रीत मी मोडणार नाही. पण या बाईनं माझ्या घरात येऊन माझा अपमान केला, तर आमचा आणि चर्चच्या मंडळीचा संबंध संपला."

कुंभारीण गेली ती तयारीनंच. आठवडाभर घोळवलेले शब्द जिभेवर होते, एकेक झोंबणारा. तेल्याची म्हातारी आई हात जोडून भिंतीला टेकली होती. तेली ओठ आवळून बसला होता.

"हे प्रभू," बाईनं सुरुवात केली आणि ती थांबली. एक वाक्य बोललं, की हे घर मंडळीतून कायमचं तुटणार. तिला तेच हवं होतं. आणि आपल्याला तेच हवंय हे कळताच तिला स्वतःची लाज वाटली. तिनं पदर मुठीत घट्ट धरला.

"प्रभू, मला राग आलाय. आत्तासुद्धा आहे. या घराचं वाईट व्हावं असं मला वाटतं. माझं हे मागणं ऐकू नकोस. या घराला सुखी ठेव. मला मनापासून म्हणता येत नाही, तरी तू ठेव."

मग सगळ्यांच्या आधी तेल्याचाच "आमेन" आला, घोगऱ्या आवाजात.

सभा संपल्यावर तो दारात आडवा आला. "वहिनी, चूक माझी होती. त्याच दिवशी म्हणायला हवं होतं. मान खाली घालायची लाज वाटली, म्हणून उलट बोललो."

"म्हणायलाच हवं होतं!" कुंभारीण फणकारली. डोळे मात्र तिनं पदरानं पुसले. "उद्या माती आणायला चला माझ्याबरोबर. आणि बैल घरी बांधून या."

या गोष्टीचं तात्पर्य: राग आला की तो आधी देवापुढे खरा खरा मांडावा, आणि तोवर माणसापुढे जीभ आवरून धरावी.