वाढणारा हंडा

फार जुनी गोष्ट आहे आणि थंडीची आहे, म्हणून लहानमोठ्या सगळ्यांनी जरा जवळ सरकून बसा.

एका डोंगरी राज्यात सहा महिने बर्फ असे. नगराच्या मधोमध घराएवढा एक बंद लोखंडी हंडा होता. त्यात पाणी उकळे आणि कोंडलेली वाफ नळांतून घरोघरी जाऊन माणसांना जगवी. त्याची आग एक बाई सांभाळी. तिचा नवरा राज्याचा पारखी होता. हंड्यासाठी जाड लोखंडी पत्रे निवडून आणणं हे त्याचं काम.

रीत अशी, की पारख्यानं वीस दिवस चालून दूरच्या भट्टीवर जायचं. तिथे लोखंडात एक करडा धातू मिसळत, म्हणून ते सततच्या तापातही ढिलं पडत नसे. तो धातू डोळ्यांदेखत पडताना पाहायचा आणि मगच पत्र्यांवर भट्टीची खूण मारून घ्यायची.

एका वर्षी नवा हंडा घडवायचा होता आणि हिवाळा तोंडावर आला होता. भट्टीकडे निघालेल्या पारख्याला नदीकाठी एक व्यापारी भेटला. त्याच्याकडे हव्या तेवढ्याच जाडीचे पत्रे तयार होते, वर खूणही होती.

"हे कुठल्या भट्टीचे?" पारख्यानं विचारलं.

"खूण दिसते ना? मग झालं तर," व्यापारी म्हणाला.

पारख्यानं पत्रा ठोकला; नाद खणखणीत. वाकवून पाहिला, तडा नाही. त्यानं ते पत्रे घेतले आणि तिथूनच मागे फिरला. पुढे हंडा घडल्यावर त्यात थंड पाणी कोंडून दाब दिला, तर थेंबही गळला नाही. एवढी पायपीट वाचली म्हणून स्वारी खूश होती.

आता दुसरी रीत सांगतो. हंडा पुरता तापला की त्याच्या पोटाभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार घट्ट बांधत. ती तुटली तर काही न विचारता आग विझवायची, असा पूर्वजांचा हुकूम होता.

नव्या हंड्याखाली आग पेटल्यावर आठ दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, हंडा कण्हतो. झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसा आतून आवाज येतो."

"वाफ आहे, आवाज होणारच."

"आणि मांजर आत येत नाही हो. एवढ्या गारठ्यात उंबऱ्यावर बसून त्याच्याकडे बघत राहतं."

त्यानं ते हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी तिच्या आधी उठून तो तिथे गेला. तार तुटून जमिनीवर पडली होती. त्यानं ती उचलून पुन्हा गुंडाळली, तर टोकाला टोक भिडेना. नखभर कमी पडली. कोणी पाहत नसताना लोखंड वाढलं होतं.

आता त्याला कळलं. थंड पाण्याचा दाब सोसणारं ते लोखंड तापात हळूहळू ताणलं जात होतं. पण आग विझवायची तर चूक कबूल करावी लागणार, आणि बाहेर बर्फानं खिंडी बुजलेल्या. तो घाबरला, त्याला लाजही वाटली. त्यानं जास्त लांबीची तार आणून बांधली. मला या माणसाचा राग येतो आणि कीवही येते.

मग रोज तेच. रोज तार तुटलेली, रोज हंडा नखभर मोठा, आणि बायको उठायच्या आत नवी तार जागच्या जागी.

"तार शाबूत आहे. उगाच भ्याले मी," ती एकदा लाकडं सारता सारता म्हणाली.

हिवाळा सरायला बारा दिवस उरले असताना, एका सकाळी ते कण्हणं एकदम थांबलं. पारखी चौकात होता. ती शांतता त्याला ऐकू आली आणि तो धावत सुटला. तो दारापर्यंत पोचायच्या आत हंडा फुटला. बायको आत होती.

नगरानं उरलेली थंडी गोठ्यांत, गुरांना बिलगून काढली. पारख्यानं राजापुढे सगळं सांगून टाकलं. राजा एवढंच म्हणाला, "आता भट्टीवर जा."

तो गेला. धातू पडताना पाहिला, पत्रे आणले. नवा हंडा कधीच कण्हला नाही. त्याच्याजवळ लाकडं सारत पारखी उरलेलं आयुष्य एकटा बसून राहिला.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. पण ज्याच्या शेजारी आपलं माणूस बसणार, त्या लोखंडाचं दोन्ही विचारून घ्यावं.