बंद दारामागचं लाइव्ह

इचलकरंजीच्या डॉक्टर निरंजन हुपरीकरांचा दवाखान्यापेक्षा मोबाइलवरच जास्त बोलबाला होता. रोज सकाळी ते लाइव्ह बसत. पेशंटचा खोकला त्यात ऐकू येतो, म्हणून केबिनचं दार बंद. आणि लाइव्ह संपेपर्यंत ते कुणी वाजवायचं नाही, अशी सक्त ताकीद.

त्या दिवशी डॉक्टर ऐटीत म्हणाले, "बिनधास्त विचारा! माझ्याकडे कुणाचाही प्रश्न ताटकळत नाही."

लगेच कुणा सुमन मगदूम यांचा प्रश्न आला, "नवऱ्याच्या छातीत दुखतंय, दरदरून घाम फुटलाय. काय करू?"

"अहो ताई, मग टाइप काय करत बसलात? आधी जवळच्या डॉक्टरकडे पळा!"

"पळतच आले, डॉक्टर. यांना घेऊन तुमच्याच दाराबाहेर बसलेय. दार वाजवू देत नाहीत, म्हणून इथून विचारलं."

डॉक्टर खुर्ची ढकलून धावले. मगदूम वाचले, पण डॉक्टरांच्या मनाला लागलेली टोचणी काही गेली नाही.

पुढे त्यांनी आपले सगळे व्हिडिओ पुसून टाकले. त्या दिवशीचा तेवढा एक ठेवलाय, तो ते अधूनमधून एकटेच लावून बसतात. शेवटी त्यात फक्त रिकामी खुर्ची दिसते, आणि उघड्या दारातून बाहेर बसलेल्यांचा खोकला ऐकू येत राहतो.