अवेळी वाजलेली घंटा

आमच्या करंजवाडीत ख्रिस्ती घरं उरली होती सात-आठ. एकदा शहरातून चर्चच्या कमिटीचे मोठे साहेब जीप घेऊन आले आणि म्हणाले, "एवढी मोठी घंटा इथं ऐकतं कोण? आमच्या नव्या चर्चला शोभेल ती."

रोज घंटा वाजवणाऱ्या मार्थामावशी म्हणाल्या, "न्या की साहेब. पण नेण्याआधी एकदा स्वतःच्या हातानं वाजवून बघा."

भर दुपारी साहेबांनी हसत दोर ओढला. बघता बघता सगळं गाव चर्चच्या आवारात! कुणाकडे घागर, कुणाकडे बादली. निवृत्ती पैलवान तर अंगावरच्या साबणासकट बादली घेऊन धावत आला. "मावशे, आग कुठं लागली?"

साहेब चक्रावले. "हे तर तुमच्या चर्चचे नाहीत!"

"तुम्ही रविवारी बाकांवर बसणारेच धरलेत, साहेब," मावशी म्हणाल्या. "घंटा अवेळी वाजली की कुणावर तरी संकट आलंय, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. आता ती नेल्यावर एकमेकांना हाक कशी द्यायची, तेवढं यांना सांगून जा."

साहेबांनी दोर सोडला. निवृत्तीच्या बादलीतलं पाणी ओंजळीनं प्यायले आणि रिकामी जीप घेऊन परतले.

त्या रविवारी आभाराच्या प्रार्थनेत आम्ही सर्वांत आधी बादल्या घेऊन धावलेल्यांची नावं घेतली.