सुजय मास्तरांची उडी

"...मग पोरं माझ्याच तासाला पोट धरून का बसतात, ते सांगा ना वस्ताद?"

सुजयनं अगदी हात टेकले होते. विद्यापीठात लांब उडीचं सुवर्णपदक मिळवलेला गडी. गळ्यात शिट्टी, मनगटावर घड्याळ आणि हाताखाली तिसरीची चाळीस पोरं. खेळाचा तास आला की त्यातल्या निम्म्यांना कळा सुटत. मोठ्या बाईंनी कालच बजावलं होतं, हेच चालायचं असेल तर सोमवारपासून तो तास गणिताला. खेळाचा तास गेला, तर खेळाच्या मास्तरानं करायचं काय?

हैबती वस्तादांनी गावातल्या तीन पिढ्या तालमीत घडवल्या होत्या. ऐंशी उलटली तरी पाठीला बाक नव्हता. ते मैदानाच्या कडेला येऊन नुसते बघत राहिले.

लंगडी चालली होती. पाच-सहा पोरं पळत होती. बाकी सगळी भिंतीला टेकून, हाताची घडी, तोंडावर बोट.

"ही कोण?"

"बाद झालेली."

"कवाधरनं बसल्यात?"

सुजयनं घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं..."

"आन् ही पळणारी?"

"ती माझी चांगली पोरं. तालुक्याला नेणार आहे."

"म्हंजी ज्यास्नी पळाय येत न्हाई, त्यास्नी तू बसाय शिकवतूस."

...

सुजयला ते झोंबलं. "वस्ताद, खेळ म्हटला की नियम आला. बाद तो बाद."

"खरं हाय. चल, तू बी खेळ."

वस्तादांनी भिंतीजवळची सगळी पोरं आत घेतली. लंगडी घालायला उठवलं तनिष्काला. ही रोज पहिल्याच मिनिटाला बाद होऊन भिंत गाठायची. सुजयला हसूच आलं. त्यानं तिला मुद्दाम जवळ येऊ दिलं, अगदी हाताच्या अंतरावर, आणि मग ठोकली एक उडी.

उडी झकास होती. फक्त ती चुन्याच्या रेषेपलीकडे तीन हात जाऊन पडली.

"सर बाद," पोरं एका सुरात म्हणाली.

तो भिंतीला टेकून बसला. असा तो जन्मात बसला नव्हता. पाय शिवशिवत होते. त्याच्यावाचून खेळ मजेत चालला होता, आणि त्याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटलं. पोटात चक्क कळ आल्यासारखी झाली.

"वस्ताद, आता उठू का?"

"मला काय इचारतूस? बाद त्यो बाद."

...

तनिष्का लंगडी घालतच भिंतीपाशी आली. धाप लागली होती तिला.

"सर, कच्चं लिंबू होता का?"

कोणाचं धाकटं भावंड खेळायला आलं की त्याला हा मान मिळतो. कितीही वेळा शिवा, ते बाद होत नाही. सुवर्णपदकवाल्यानं गळ्यातली शिट्टी काढून वस्तादांच्या हातात दिली.

"होतो."

"मग आमी पण," बाकीची म्हणाली.

बघता बघता मैदानात एकेचाळीस कच्ची लिंबं झाली. कोणी पडत होतं, कोणी शिवलं जात होतं, उठून पुन्हा पळत होतं. सुजयच्या केसांत माती गेली होती आणि तो खदाखदा हसत होता.

रेषेपाशी मोठ्या बाई उभ्या दिसल्या तेव्हा कुठे तो थांबला.

"सर, घंटा होऊन दहा मिनिटं झाली. वर्गात एक मूल नाही. काय चाललंय हे?"

सुजयचं हसू विरलं. गेला तास, त्याला वाटलं. तो धापा टाकत वस्तादांकडे आला आणि हळूच म्हणाला, "वस्ताद... काय सांगू बाईंना?"

वस्तादांनी बाईंच्या पायांकडे पाहिलं.

"म्हनावं, चपला तितंच काढा."