चोचीपुरती खिडकी

त्या रानात धनेश पक्ष्यांची एक वस्ती होती आणि तिथल्या घरांना दार नसे, फक्त खिडकी असे. घर म्हणजे उंच झाडातली ढोली. अंडी घालायची वेळ झाली की मादी आत जाऊन बसे, नर चोचीतून चिखल आणून देई आणि ती आतून ढोलीचे तोंड लिंपून टाकी. पिल्लू मोठे होईपर्यंत ती बाहेर पडत नसे. तिची जुनी पिसे आतच गळत आणि नवी आतच फुटत. तोवर खाणे, वारा, उजेड आणि नवरा, जे काय मिळायचे ते त्या खिडकीतून. म्हणून खिडकी कशी ठेवावी हा वस्तीतला सर्वांत मोठा प्रश्न असे, आणि ज्यांना आत बसायचे नसे त्यांची मते याबाबत विशेष ठाम असत.

गेंदाचे हे पहिलेच घर होते. तिच्या नवऱ्याने, भुरक्याने, नदीकाठच्या बेहड्यात ढोली शोधली होती. शेजारच्या झाडात तिची बालमैत्रीण हळदुली बसणार होती. गेंदाने केव्हापासून मनाशी ठरवले होते की खिडकी हळदुलीच्या बाजूला ठेवायची, चांगली ऐसपैस, आणि दिवसभर दोघींनी गप्पा छाटायच्या.

खिडक्या कोरायला सुतारपक्षी आला. काम कमी आणि बोलणे जास्त, अशी त्याची ख्याती होती.

"बोला वहिनी, कसली काढू? तांबटाकडं असते तशी गोल आहे. पिंगळ्याची आडवी, बसून बघत राहावं अशी. पोपट मंडळी हल्ली दोन-दोन काढून घेतात, वारा खेळता राहतो म्हणे."

"दोन नकोत," गेंदा लाजत म्हणाली. "एकच, पण आडवी. हळदुलीच्या अंगाला."

हे ऐकायला वस्तीतली थोरली कंकणआत्या फांदीवर हजर होतीच. बोलावणे नसताना हजर राहण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

"अगं पोरी, शेजारणीच्या तोंडासमोर खिडकी? तुझा नवरा आज काय घेऊन आला, काल का आला नाही, हे तिनं मोजत बसायचं? आपल्यात खिडकी कड्याकडं असते. उभी, चोचीपुरती. घरातलं घरात राहतं."

नदीपलीकडे काळा, उघडा कडा होता. वस्तीतली एकूण एक खिडकी त्या कड्याकडे तोंड करून होती. तिथे बघण्यासारखे काहीच नव्हते, आणि त्याचेच वस्तीला कौतुक होते.

भुरका भला होता. "तुला आवडेल तशी ठेव," तो म्हणाला. "बसायचं तुला आहे." पण गेंदाला चारचौघांत नावे ठेवून घ्यायची नव्हती. तिने उभी फट निवडली, कड्याकडची. मग फटीच्या कडा इतक्या निगुतीने लिंपल्या की आत्याने ती सगळ्यांना आणून दाखवली. गेंदाला फार बरे वाटले. थोडे वाईटही वाटले, पण ते तिने कुणाला सांगितले नाही.

दिवस चांगले गेले. भुरका खोडाला धरून बसे आणि गळ्यात साठवलेली फळे एकेक करून फटीतून आत सरकवी. डोंगरापलीकडचा वड पिकला होता आणि वस्तीतले सगळे नर हल्ली तिकडेच जात. अंड्यातून पिल्लू बाहेर आले तेव्हा भुरक्याने फटीला डोळा लावला, पण आत अंधार होता, त्याला काही दिसले नाही. "आवाजावरून माझ्यावर गेलंय," तो म्हणाला.

एका संध्याकाळी गेंदा वैतागली होती. "आज पुन्हा वडाचीच फळं?" ती खेकसली. भुरक्याने उरलेली फळे आत सरकवली आणि तो उडून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

आधी तिला वाटले, दमला असेल. मग वाटले, रुसला. मग मनात नको ते येऊ लागले: तो दुसरीकडे कुठेतरी, कुणा गोड बोलणारीच्या खिडकीपाशी बसला असेल. कड्यावर ऊन यायचे आणि जायचे. आजूबाजूला कसलाही आवाज नव्हता. सगळ्यांकडे सुरळीत चालले असणार, म्हणूनच एवढी शांतता, असे तिने धरले. टाकलेली काय ती आपण एकटीच.

पिल्लू भुकेने ओरडू लागले. तेवढ्यात खोडावर टकटक झाली.

"काय वहिनी, भाऊ दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत?" सुतारपक्षी विचारत होता.

गेंदाने पिल्लाला छातीखाली दाबून धरले. आवाज बाहेर जाता कामा नये. सुतारपक्षी थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. त्यानंतर कुठे पंख वाजले तरी ती पिल्लाला तसेच दाबून धरी. पुढे पुढे दाबायची गरज उरली नाही. ते आपणच गप्प राहू लागले, आणि एका सकाळी ते गार पडले होते.

तेव्हा गेंदाने भिंत फोडली. किती सहज फुटली! तिचे तिलाच सहन होईना. अर्ध्या फुटलेल्या पिसांनी धडपडत ती वडाकडे निघाली. भुरक्याला ती सोडणार नव्हती.

वडावर जाळे पडले होते. भुरका त्यात उलटा लटकत होता, आणि त्याच्या गळ्यात फळे तशीच होती. त्याला लागून हळदुलीचा नवरा होता. त्यापलीकडे आत्याचा मुलगा. वस्तीतला एकही नर सुटला नव्हता.

गेंदा पुष्कळ रडली. मग तिला हळदुली आठवली आणि हळदुलीचे पिल्लू आठवले. खाली पडलेली फळे तिने गळ्यात मावतील तेवढी भरून घेतली आणि ती माघारी उडाली. दम संपला तेव्हा ती कड्यावर उतरली आणि वळून पाहिले.

समोर झाडांची रांग होती. प्रत्येक झाडात एक फट होती आणि प्रत्येक फटीतून एक चोच बाहेर आली होती. सगळ्या उघड्या होत्या आणि कुणाचाही आवाज येत नव्हता. मग कड्यावर कुणीतरी बसले आहे हे त्यांच्या ध्यानात आले असावे. एकेक करून चोची आत गेल्या.

ती उडत हळदुलीच्या झाडाशी आली. "हळदुले, मी आहे गं, गेंदा. फळं आणलीत."

आत पिल्लाचा बारीक आवाज झाला आणि मध्येच दाबला गेला.

"अगं, कशाला एवढा त्रास?" हळदुली आतून म्हणाली. तिचा आवाज पार खोल गेला होता. "आमच्याकडं भरपूर आहे. हे आत्ताच टाकून गेले." आणि बोलता बोलता ती उरलेली फट आतून लिंपू लागली.