स्मशानातला दिवा

बाजारामागं धंदेवाल्या बायकांची अंधारी गल्ली होती. तिथं कुणीतरी त्यांच्यातल्या सखूबाईचं डोकं फोडून पळालं, तेव्हापासून गल्लीतच धंदा करणाऱ्या शेवंताच्या जिवाला घोर लागला. तिची लेक शिकवणीहून त्याच वाटेनं यायची. शेवंता दिवा मागायला नगरपालिकेत गेली.

नगराध्यक्ष आबासाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "दिवा लावला म्हणजे तुमच्या धंद्याला आम्ही परवानगीच दिली की गं!"

कचेरीतले सगळे हसले. शेवंतानं पदर सावरला.

"आबासाहेब, वडलांच्या नावानं तुम्ही स्मशानात दिवा लावलात. तो काय गावानं मरावं म्हणून?"

हसू थांबलं. आबासाहेब पुटपुटले, "तो अंधारात कुणी ठेचकाळू नये म्हणून."

"मग आम्ही तर अजून जित्या आहोत, मालक."

गल्लीत दिवा लागला. त्या संध्याकाळी शेवंताची लेक पळत नाही, चालत घरी आली.