दुप्पट औषध

"दोन्ही औषधं चांगली होती, भंतेजी. मग जखम का चिघळली?"

कौशल मेश्रामने हे विचारलं तेव्हा भंते सुमेध पट्ट्या गुंडाळत होते. चीवर घेण्याआधी ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. आता वैनगंगेकाठच्या विहारात जखमांचा दवाखाना चालवत. कौशल फार्मसी करून त्यांच्याकडे शिकायला आला होता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊक होतं.

भंतेंची रीत अशी: आधी जखम साबणाने धुवायची, भरपूर पाण्याने साबण पार काढून टाकायचा, मगच जंतुनाशक. कौशलला हे वेळखाऊ वाटे. भंते बाहेरगावी गेले, तेव्हा त्याने साबण आणि जंतुनाशक एकाच बाटलीत कालवलं. औषध दुप्पट लागू पडेल, असा त्याचा हिशेब. त्या बाटलीतून तो उपचाराला येणाऱ्या बायजाबाईंच्या पायाची जखम रोज धूत राहिला.

आज सकाळी भंते परतले, तोवर बायजाबाई तापात बरळत होत्या. त्यांना तातडीने मोठ्या दवाखान्यात हलवलं. पाय वाचेल का, डॉक्टर सांगत नव्हते. जिवाचं विचारायची कौशलला हिंमतच झाली नाही...

कौशलच्या प्रश्नावर भंतेंनी दोन पेले मांडले. एकात साबणाचं पातळ पाणी, दुसऱ्यात जंतुनाशक. दोन्ही नितळ. मग त्यांनी एक पेला दुसऱ्यात ओतला.

पाणी दुधासारखं पांढरं झालं. हळूहळू तळाशी साका धरू लागला.

"साबणाच्या कणावर ऋण भार," भंते म्हणाले. "या जंतुनाशकाच्या कणावर धन. समोर आले की एकमेकांना घट्ट धरतात."

"आणि जंतू?"

"त्यांना धरायला कोण उरलं?"

बाटली पांढुरकी झालेली कौशलने पाहिली होती. औषध दाट झालं, असं त्याला वाटलं होतं.

...

बाहेरच्या बाकावर एक मासेमार हाताला फडकं गुंडाळून बसला होता. फडक्यातून रक्त झिरपत होतं. भंतेंनी त्याला आत बोलावलं आणि धुण्याचं भांडं कौशलपुढे सरकवलं.

कौशल मागे सरला. आज नको, तुम्हीच करा, असं काहीसं पुटपुटला. मोठ्या दवाखान्यातून बातमी ज्यावर येणार होती, त्या कोपऱ्यातल्या फोनकडे त्याला बघवत नव्हतं.

"भंतेजी... माझे हात थरथरताहेत."

"थरथरू देत. काल थरथरत नव्हते."